मॅटखालची रेघ

शेवंतीने इंजिनावर हाताची पाठ टेकवून पाहिली. थंडगार होतं.

“थंड हाय,” मागे न वळता ती म्हणाली.

जांभळीखाली लोखंडी खुर्चीत बसलेल्या तिच्या नवऱ्याने, दामाजीने, मान हलवली. नोव्हेंबर संपत आला होता. खाडीकडून गार वारा येत होता म्हणून तिने त्याच्या डोक्यावर माकडटोपी चढवली होती. उजवा हात तिने मांडीवर ठेवला होता तसाच पडून होता आणि डावा खुर्चीच्या दांड्यावर होता.

गाडी पंच्याऐंशी सालची मारुती होती, म्हणजे बारा वर्षांची. पांढरा रंग नुकताच मारलेला. कल्याणचा दलाल काळुराम ती काल संध्याकाळी बाळकुमला आणून त्यांच्या दारात लावून गेला होता, कारण दामाजी मिस्त्रीचा तसा नियमच होता. गाडी आदल्या रात्री दारात आली पाहिजे, किल्ली त्याच्या उशीखाली राहिली पाहिजे आणि सकाळी तो सांगेल तेव्हाच ती पहिल्यांदा चालू झाली पाहिजे. गरम इंजिन कुणालाही फसवतं, रात्रभर गारठलेली गाडी मात्र जे असेल ते सांगते, असं तो वाचा शाबूत होती तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

घेणारा माणूस धोंडिबा. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता आणि गाव घाटापलीकडे ओतूरच्या बाजूला. मागच्या पावसाळ्यात त्याचे वडील गेले. निरोप आला तेव्हा रात्रपाळी चालू होती. सकाळी कल्याणच्या स्टँडवर जाऊन एसटी मिळेपर्यंत आणि ती माळशेज चढून पलीकडे उतरेपर्यंत इतका उशीर झाला, की गावात पोचला तेव्हा नदीवरून परतणारी माणसंच त्याला रस्त्यात भेटली. आता आई एकटी होती आणि तिला दम्याचा त्रास होता. म्हणून गाडी. हे सगळं त्याने आल्या आल्या, चहाचा कप हातात घेऊन, न विचारता सांगितलं होतं. दामाजी मिस्त्रीने पास केली तरच घेईन असं त्याने काळुरामला बजावलं होतं. चौकशी केली तेव्हा ठाण्यापासून कल्याणपर्यंत जो तो हेच नाव घेत होता.

शेवंतीने खूण केल्यावर काळुरामने किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली. दामाजीने डोळे मिटले.

ती मागे गेली. सायलेन्सरच्या नळीसमोर पांढरा रुमाल धरून उभी राहिली आणि काळुरामला दोन-तीनदा रेस द्यायला लावली. निळा धूर नव्हता. रुमालावर तेलाचा ठिपका पडला नाही. इंजिन चांगलं आहे हे तिलाही कळत होतं. रुमालाची घडी घालत ती वळली, तर दामाजीचा डावा हात वर झालेला होता. तळवा आभाळाकडे.

तळवा वर म्हणजे घ्या.

धोंडिबाला ही खूण काळुरामने वाटेतच समजावून सांगितली असावी. त्याचा चेहरा एकदम सैल पडला. शेवंती मात्र रुमाल हातात धरून तशीच उभी राहिली. अजून दारं पाहिली नव्हती, डिकी उघडली नव्हती, खालून पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत दामाजीने सगळी गाडी बघून झाल्याशिवाय हात कधीच उचलला नव्हता.

“अजून खालून बघायची हाय,” ती म्हणाली.

मिस्त्रींचा हात वर झाला म्हणजे झालंच की, असं काळुराम हसत म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

दामाजीचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांत गेलं होतं. बापाची खाडीत होडी होती. पण कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागलं आणि जाळ्यात मासळीपेक्षा गाळ जास्त यायला लागला, तेव्हा पंधराव्या वर्षी तो कापूरबावडीच्या एका गॅरेजात लागला. पुढे तिथेच कोपऱ्यातली पत्र्याची शेड भाड्याने घेऊन त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. मारुती पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा फियाट आणि अँबेसिडरवर हात बसलेले बाकीचे मिस्त्री तिला पत्र्याचा डबा म्हणून हसायचे. दामाजी हसला नाही. एका डॉक्टरची गाडी दुरुस्तीला आली ती त्याने चार दिवस ठेवून घेतली, नटबोल्ट नि नटबोल्ट सुटा केला आणि पुन्हा जोडला. शहाऐंशी-सत्त्याऐंशीनंतर जुन्या मारुत्या विकायला यायला लागल्या तेव्हा लोक घेण्याआधी त्याला दाखवायला आणू लागले. कळव्याचे, डोंबिवलीचे, पार बदलापूरचेही. तो बघून फक्त घ्या किंवा नको एवढंच म्हणायचा, आणि नको का, ते विकणाऱ्याला बाजूला घेऊन सांगायचा. विकणाऱ्याला चारचौघांत लाज आणायची त्याला आवडायची नाही. स्वतः मात्र शेवटपर्यंत सायकलवरच फिरला. घरी गाडी असावी असं त्याला कधी वाटलं का, हे शेवंतीने त्याला विचारलं नव्हतं, आणि आता विचारून उपयोग नव्हता.

चौऱ्याण्णवच्या श्रावणात एका गाडीखाली झोपून काम करताना त्याला झटका आला. गॅरेजात हाताखाली काम करणाऱ्या पोराने पाय ओढून बाहेर काढलं तेव्हा अर्धं अंग गेलेलं होतं. सिव्हिलमध्ये दीड महिना काढल्यावर चालता यायला लागलं, काठी टेकत, पाय ओढत. वाचा परत आली नाही. दोनच शब्द राहिले, हां आणि नाय, आणि त्यांचाही भरवसा नव्हता. भूक लागली का म्हणून विचारलं तर नाय म्हणायचा आणि ताट दिलं की जेवायचा. गॅरेजची जागा मालकाने बिल्डरला दिली.

शेवंती मासळी विकायची. पहाटे ठाण्याच्या बाजारातून माल उचलायचा, टोपली डोक्यावर घेऊन बाळकुमला परत यायचं आणि जुन्या शेतांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत दारोदार फिरायचं. त्यातल्या काहींना लिफ्ट होती, पण वॉचमन मासेवालीला लिफ्टमध्ये घेत नसे. दुपारी घरी आली की दामाजीची आंघोळ, जेवण, मालिश. पाठ टेकायला दिवस मावळायचा. मुलगी मालू कोपरला दिलेली. ती पंधरा दिवसांनी यायची, आईचे पाय चेपायची आणि तूही कधीतरी दवाखान्यात जा म्हणून सांगून जायची.

आजारपणाला सहा महिने झाले असतील, तेव्हा कोलशेतचा एक ओळखीचा ड्रायव्हर एक गाडी घेऊन दारात आला. मिस्त्रींनी नुसता आवाज ऐकला तरी पुरे, म्हणाला. शेवंतीला ते बरं वाटलं नव्हतं. पण इंजिन चालू झालं आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला दामाजी उठायची धडपड करायला लागला. तिने त्याला बाहेर आणून बसवलं. त्याने कान देऊन ऐकलं आणि डाव्या हाताने बोट दाखवलं. ड्रायव्हरला कळेना. शेवंतीने तिथे हात लावला. त्याने मान हलवली, बोट थोडं खाली नेलं. तिने हात खाली नेला. पट्ट्याच्या कव्हरपाशी बोटांना थरथर लागली, तेव्हा तो हां हां करत तोंडभर हसला. आजारी पडल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता.

तिथून ते सुरू झालं. दर रविवारी एखाद-दुसरी गाडी. तो खुर्चीत बसून बोट दाखवी आणि शेवंती तिथे वाकून, आडवी होऊन, हात घालून हाताला काय लागलं ते त्याला सांगे. ऑइलची पट्टी काढून दोन बोटांत तेल चोळायचं, पांढरा फेस आहे का बघायचं. दारावर बोटाच्या पेराने टकटक करायची, आवाज बद्द आला की पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवायला लावायची आणि चाकापाशी कान न्यायचा. सगळं झालं की तो हात उचले. तळवा वर म्हणजे घ्या, तळवा खाली म्हणजे नको. मग शेवंती गिऱ्हाइकाकडे वळून म्हणे, “ते म्हणतात घ्या.” घरात ती गाडीला आपल्या बोलीत गारीच म्हणे, पण लोकांसमोर हे वाक्य बोलताना जीभ सांभाळून बोलायची. मासळी विकणारी बाई गाडीत हात घालते म्हणून सुरुवातीला लोक गालातल्या गालात हसत. तिला त्याचं काही वाटायचं नाही. रविवार आला की दामाजी सकाळी स्वतःहून दाढीला बसायचा, तिला तेवढं पुरे होतं.

आणि मग दोन महिन्यांपूर्वी डोंबिवलीचे एक निवृत्त मास्तर आले होते.

ते एकटेच आले. दामाजी आत झोपला होता. उन्हाळ्यात त्यांची गाडी दामाजीने पास केली होती. मास्तरांनी आवाज चढवला नाही. शिळफाट्याच्या उतारावर पुढचं चाक बाजूला पडून गाडी खड्ड्यात गेली, बायकोचा हात मोडला, आणि दुरुस्ती करणाऱ्याने पुढचा पत्रा आतून पार सडलेला दाखवला, असं त्यांनी सांगितलं. शेवंतीला ती गाडी आठवत होती. चाकाच्या वर, बॉनेटच्या आत तिच्या बोटांना पापुद्रे लागले होते आणि तिने ते त्याला सांगितलंही होतं. त्याने हात झटकून ते उडवून लावलं होतं.

“मी भांडायला आलेलो नाही,” मास्तर म्हणाले. “फक्त मिस्त्रींना हे सांगू नका. तुम्ही मात्र लक्ष ठेवा, एवढंच म्हणतो.”

तिने सांगितलं नाही. पण तेव्हापासून ती दामाजीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागली. गाडी बघता बघता त्याचा डोळा लागायचा. उजव्या अंगाला काय दाखवलं तर त्याच्या लक्षातच यायचं नाही. आणि गेल्या पाच-सहा गाड्यांत एकदाही तळवा खाली झालेला नव्हता. तिने मनाशी मोजलं होतं.

ती गुडघ्यांवर बसली, पाठीतून कळ गेली ती थांबेपर्यंत थांबली, आणि गाडीखाली डोकं घातलं. खालून सगळीकडे डांबरी काळा रंग मारलेला होता. गंजू नये म्हणून लोक मारतात, त्यात वावगं काही नव्हतं. पण तो जाड होता आणि अजून चिकट होता. तिने पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं. पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू चकचकीत होते आणि मागच्यांचे जुने, रंगाखाली गंजून फुगलेले. तिने पुढची सीट सरकवली आणि तिच्या मागची रबरी मॅट उचलली.

बारा वर्षांच्या गाडीत मॅटखाली काय काय सापडतं ते तिला माहीत होतं. माती, केसांतल्या पिना, पाच-दहा पैशांची नाणी, शेंगदाण्याची टरफलं. इथे काहीच नव्हतं. नुसता काळा रंग. तिने त्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा अडला. एक उंचवटा होता, दोरीएवढा. पत्रा सडला की मिस्त्री तेवढा तुकडा कापून दुसरा बसवतात, तसा असेल म्हणून तिने त्याच्या कडेकडेने अंगठा नेला. तो वळलाच नाही. सरळ गेला, गिअरच्या कण्यावरून चढला, पलीकडे उतरला, दुसऱ्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेला.

तिला गॅरेजमधली एक दुपार आठवली. ती डबा घेऊन गेली होती आणि दामाजी एका गाडीपाशी बसून नुसता बघत होता. पुढून ठोकलेली एक आणि मागून ठोकलेली एक अशा दोन गाड्यांचे चांगले अर्धे कापून, मधोमध जोडून कुणीतरी एक गाडी केली होती. “सरळ रस्त्यावर कळायचं बी नाय,” तो तिला म्हणाला होता. “घाटात एखाद्या वळणाला बसला दणका, की हितून उघडंल. नारळावानी.”

ती उठली आणि दामाजीजवळ गेली. खाली वाकून, हलक्या आवाजात, मॅटखाली काय लागलं ते तिने त्याला सांगितलं. या दारापासून त्या दारापर्यंत रेघ हाय, म्हणाली. दामाजीने तिच्याकडे पाहिलं, पण ऐकलं की नाही ते कळलं नाही. त्याने हात झटकला, जसा मास्तरांच्या गाडीच्या वेळी झटकला होता, आणि पुन्हा तळवा वर केला. चेहऱ्यावर वैताग होता. इतकं साधं हिला का कळत नाही, असा.

तिने दुसऱ्यांदा सांगितलं. त्याने दुसऱ्यांदा तळवा वर केला.

मागे काळुराम आणि धोंडिबा उभे होते. शेवंती सरळ झाली. तिला एकाएकी खूप थकल्यासारखं वाटलं. पहाटे तीनला बाजाराला निघाली, रविवारची फेरी लवकर उरकून आली, तेव्हापासून ती उभीच होती, आणि आत्ता या क्षणी खाली बसून घ्यावं आणि दुसऱ्या कुणीतरी बोलावं असं तिला वाटलं. घ्या म्हणून सांगितलं तर दहा मिनिटांत सगळे आपापल्या वाटेने गेले असते. दामाजीचा मान राहिला असता. धोंडिबा आईला गाडीत घालून घाट चढला असता.

ती धोंडिबाला म्हणाली, “ही घेऊ नका.”

धोंडिबा गोंधळला. तिच्याकडे, मग दामाजीच्या हाताकडे पाहायला लागला. काळुराम पुढे आला. तो उर्मट माणूस नव्हता; दामाजीला वीस वर्षं ओळखत होता आणि दर दिवाळीला घरी फराळ आणायचा.

“वहिनी,” तो म्हणाला, “मिस्त्रींचा हात वर आहे. आम्ही दोघं बघतोय. तुम्ही सांगताय ते त्यांचं का तुमचं?”

दामाजी तिच्याकडेच बघत होता. हात अजून तसाच वर होता.

“माझं,” शेवंती म्हणाली. “गारी दोन गाऱ्यांची हाय. जोडलेली हाय मधून. घाटात नेऊ नका.”

दामाजीने खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. हां, हां, हां, असं म्हणत तो उठायला लागला. काठी पडली. तो तोल जाऊन कलंडणार तोच धोंडिबाने त्याला काखेत धरलं. दामाजी त्याला गाडीकडे रेटायला लागला. बायको खोटं बोलते आहे हे त्याला दाखवायचं होतं, की स्वतः बघायचं होतं, ते शेवंतीला कळलं नाही. तिने दुसरी बाजू धरली. दोघांनी त्याला उघड्या दारापर्यंत नेलं आणि सीटच्या कडेला बसवलं. तो डाव्या अंगाने वाकला. तिने मॅट वर धरली.

त्याचा अंगठा काळ्या रंगावर फिरला आणि अडला. तो थोडा वेळ तिथेच राहिला. मग हळूहळू सरकत गेला, जिथवर हात पोचत होता तिथवर, आणि परत आला. शेवंतीने हत्यारांच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला. त्याने डांबर खरवडलं. नखाएवढी जागा मोकळी झाली आणि आत वेल्डिंगची खडबडीत चकाकी दिसली.

त्याने आणखी खरवडलं नाही. स्क्रू ड्रायव्हर हातातून ठेवून दिला आणि तसाच, मान गाडीत घातलेली, वाकून बसून राहिला. धोंडिबाला वाटलं त्याला काही झालं, म्हणून त्याने शेवंतीकडे पाहिलं. तिने थांबा म्हणून हाताने सांगितलं. बऱ्याच वेळाने दामाजीने डोकं वर केलं, कुणाकडेही न बघता सीटवर हात ठेवला. तळवा खाली.

काळुराम म्हणाला की आपल्याला खरंच ठाऊक नव्हतं, आपण ती भिवंडीकडच्या एकाकडून रंग मारलेलीच उचलली होती. खरं असेल किंवा नसेल. शेवंतीने विचारलं नाही, गाडीतली किल्ली काढून त्याच्या हातात दिली. तो गाडी घेऊन गेला. धोंडिबा थोडा वेळ घुटमळला. मग दामाजीचा चेहरा बघून त्याने दोन्ही हात जोडले आणि बसस्टॉपकडे चालायला लागला.

त्या दुपारी दामाजी जेवला नाही. तिने बोंबलाचं कालवण त्याच्या आवडीचं केलं होतं. ताट तसंच राहिलं. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने भांडी घासली, टोपली धुऊन उन्हात उपडी घातली, आणि पलंगाच्या कडेला येऊन बसली. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिने त्याला मास्तरांचं सांगितलं. शिळफाट्याचा उतार सांगितला, मास्तरीणबाईंचा हात सांगितला. त्या वेळी आपल्या बोटांना पापुद्रे लागले होते आणि आपण मास्तरांसमोर गप्प बसलो, तेही सांगितलं.

“तुमचं एकट्याचं नाय,” ती म्हणाली. “माझं बी चुकलं. मना कळलं व्हतं.”

दामाजी वळला नाही. भिंतीकडे बघतच म्हणाला, “नाय.”

म्हणजे तुझं चुकलं नाही, की मला हे सांगायला नको होतंस, की नुसतंच हां म्हणायचं होतं आणि तोंडातून दुसरं आलं, ते तिला समजेना. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो काढून टाकला नाही.

पुढचा आठवडा नेहमीसारखा गेला. ती बाजारात गेली, जिने चढली, उतरली. सातव्या मजल्यावरच्या बाईने पापलेटवरून घासाघीस केली आणि शेवटी घेतलंच नाही. घरी दामाजी मुकाट जेवायचा, मुकाट मालिश करून घ्यायचा. शनिवारी संध्याकाळी मालूच्या चाळीतलं एक जोडपं विकत घ्यायचं मनात असलेली एक मारुती कोपरहून घेऊन आलं. मालूनेच पाठवलं होतं. आठवड्यात इकडे काय झालं ते तिला माहीत नव्हतं. गाडी दारात लावून, किल्ली देऊन ते मुक्कामाला ठाण्याला कुणाकडे गेले. शेवंतीने किल्ली दामाजीच्या उशीखाली ठेवली. रात्री तो कुशीवर वळला तेव्हा त्याने ती काढून उशाशी, तिच्या बाजूला सरकवलेली तिला सकाळी दिसली.

सकाळी तो दाढीला बसला नाही. जोडपं आलं तेव्हा तिने त्याला उठवायचा प्रयत्न केला. त्याने पलंगाची दांडी घट्ट धरली. तिने पुन्हा ओढलं नाही. टोपी त्याच्या डोक्यावर सारखी केली, दार अर्धं लोटून घेतलं आणि एकटीच बाहेर आली.

मिस्त्री कुठे आहेत, असं बाईने विचारलं.

“आत हायत. मी बघते,” शेवंती म्हणाली.

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. जातील असंच तिला वाटलं, आणि गेले असते तर तिला रागही आला नसता. पण पुरुष म्हणाला बघा, आणि बाजूला सरकला. जांभळीखालची खुर्ची तिने आणलीच नव्हती. तिने बॉनेट उघडलं.

त्या दिवशी तिला दुप्पट वेळ लागला. बोट दाखवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे काही राहून जाईल या धास्तीने ती एकेक गोष्ट दोनदा बघत होती. गाडी चालू करून दाखवली तेव्हा तिने अर्ध्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं. आत अंधार होता. ती गाडीखाली शिरली, डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा चाचपला, चारही मॅट उचलल्या. मातीच निघाली, आणि एक लहान मुलाचा बूट. पुरुषाला स्टेअरिंग पूर्ण वळवून चार हात पुढे-मागे न्यायला लावलं आणि डाव्या चाकापाशी बसून ऐकलं.

शेवटी तिने त्यांना सांगितलं. डाव्या चाकाचा जॉइंट गेला आहे, वळताना कटकटतो, तो लगेच बदला. पुढच्या दाराला लांबी भरली आहे, ती नुसती दिसायची गोष्ट आहे. पत्रा शाबूत आहे, इंजिन बरं आहे. घ्यायला हरकत नाही. बोलताना तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने बोलतो आहोत, दोन माणसांना लागतो त्याहून बऱ्याच मोठ्या आवाजात.

ते गेल्यावर ती घरात आली. कोपरापर्यंत हात काळे झाले होते, ऑइल आणि ग्रीस आणि माती. दामाजी पलंगावर नव्हता. मग तिला तो मोरीपाशी दिसला. भिंतीला धरत तेवढं अंतर तो एकटा गेला होता आणि मोरीच्या कट्ट्यावर पाठ टेकून बसला होता. शेजारी पाण्याची बादली, आत तरंगणारा मग. साबण त्याने आधीच खाली काढून ठेवला होता.

शेवंती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि हात पुढे केले. त्याने डाव्या हाताने मग भरून उचलला. अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं, अर्धं हातांवर आलं. तिने हात मागे घेतले नाहीत. त्याने मग पुन्हा बादलीत बुडवला.